मिळत नाही, करून मिळतो

हार्डवेअरच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते. “कंपनीने बंद केलंय.” नळाचा वॉशर असो, जुन्या कुकरची शिट्टी असो की शिलाई मशीनचा एवढासा स्क्रू असो, दुकानदार मान वर न करता हे वाक्य म्हणतो आणि गिऱ्हाईक मुकाट्याने नवी वस्तू पाहू लागते. निकाल लागलेला असतो. निवृत्तीनंतर मी ज्या छंदात पडलो, त्याने मात्र मला या निकालावर अपील करायला शिकवले. छंद आहे जुने व्हाइस दुरुस्त करण्याचा.

व्हाइस आपण सर्वांनी पाहिलेला असतो, पण त्याच्याकडे बघितलेले नसते. सायकलच्या दुकानात, मोटार गॅरेजात, आयटीआयच्या फिटर विभागात लाकडी टेबलाच्या कडेला बोल्टांनी घट्ट बसवलेला दोन जबड्यांचा लोखंडी शेगडा, तोच हा. मागचा जबडा स्थिर, पुढचा सरकता. आडवा दांडा फिरवला की मधला जाड स्क्रू आत जातो आणि जबडे मिटतात. माणसाला देवाने हात दोनच दिले. कानस चालवायला दोन्ही लागतात, करवतीलाही दोन्ही लागतात. मग वस्तू धरायची कोणी? हा तिसरा हात म्हणजे व्हाइस. तो स्वतः काहीच करत नाही, फक्त हलू देत नाही. पण कारखान्यातले निम्मे कौशल्य त्या न हलण्यावरच उभे असते.

जुन्या व्हाइसमध्ये काही घराणी आहेत. इंग्लंडातील शेफील्डच्या हॅम्प्टन बंधूंचा निळ्या रंगाचा ‘रेकॉर्ड’, यॉर्कशरमधील शिप्लीच्या पार्किन्सन यांचा ‘परफेक्ट’, अमेरिकेत मेरिडन गावचा चार्ल्स पार्कर, शिकागोचा ‘विल्टन’. रेकॉर्ड हे नाव बाजारात आले १९०९ साली. असा इंग्रजी माल आपल्याकडच्या जुन्या कार्यशाळांतून आजही अधूनमधून हाती लागतो. पुढे जालंधरच्या कारखान्यांनी देशी व्हाइस घरोघरच्या वर्कशॉपात पोचवले.

माझे या विषयातले गुरू म्हणजे तात्या. वय आज ऐंशीच्या पुढे. मुंबईच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात ते फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले असंख्य पुन्हा आत गेलेच नाहीत. तात्या त्यांतलेच एक. ते कोल्हापूरला परतले आणि उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपात उभे राहिले. मी बँकेतला म्हणून ते मला अजूनही ‘साहेब’ म्हणतात. मी त्यांना तात्या म्हणतो आणि त्यांच्यासमोर हत्यार हातात घेताना जरा भितो.

आमचा पहिला व्हाइस भंगारवाल्याकडे मिळाला. पाच इंची रेकॉर्ड, वजन वीस किलोच्या घरात. गंजाखालून उठावाची इंग्रजी अक्षरे कशीबशी दिसत होती. भंगारवाल्याने तो वजनावर दिला. त्याच्या लेखी ते बीड होते. ट्रकमध्ये भरून ओतशाळेत जाणारे, वितळून दुसरे काही होणारे. मला बँकेतले दिवस आठवले. लघुउद्योगाच्या कर्जाच्या कागदांत लेथचा नंबर असे, ड्रिलिंग मशीनची किंमत असे. व्हाइस मात्र ‘किरकोळ हत्यारे’ या शेवटच्या ओळीत गडप. दरवर्षी त्या ओळीवर घसारा लागे आणि आकडा झिजत जाई. वस्तू किती झिजली हे त्या आकड्यावरून कधीच कळत नसे. ते बघायला वस्तूपाशीच जावे लागते.

तात्या आले. त्यांनी आधी व्हाइस जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यावर ठेवायला लावला आणि छोट्या हातोडीने अंगावर चार ठिकाणी टिचक्या मारल्या. बीड अखंड असेल तर आवाज खणखणीत येतो. आत तडा असेल तर बद्द. आमच्या व्हाइसचा आवाज देवळातल्या घंटेसारखा नसला, तरी स्वच्छ होता. मग त्यांनी दांडा पाहिला. दांडा वाकलेला असला की समजावे, कोणीतरी त्यात पाइप घालून जोर केला आहे. मग त्यांनी दांडा फिरवला. तो अर्धा फेरा नुसताच फिरला आणि त्यानंतर जबडा हलला.

“साहेब, हाडं शाबूत हाईत,” ते म्हणाले, “काळीज झिजलंय.”

काळीज म्हणजे नट. व्हाइसच्या पोटात, मागच्या बाजूला, एक ठोकळा बसवलेला असतो. जाड स्क्रू त्याच्या आट्यांतून जातो. वस्तू आवळताना सारा जोर या आट्यांवर येतो. आपल्या नेहमीच्या स्क्रूचे आटे त्रिकोणी असतात. व्हाइसच्या स्क्रूचे चौकोनी. चौकोनी आटा जोर सरळ पुढे ढकलतो, बाजूला फाकवत नाही. लांबलचक स्क्रूपेक्षा आखूड नट बदलणे सोपे, म्हणून झीज नटाने सोसावी हा जुना शहाणपणा. आमच्या नटाने ती बहुधा पन्नास वर्षे सोसली होती.

पण तिथवर पोचण्याआधी व्हाइस उघडायला हवा. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्यांचे चार स्क्रू गंजून एकजीव झाले होते. त्यांना आम्ही तीन दिवस रोज पातळ तेल पाजले. तिघे सुटले, चौथ्याचे डोके तुटले. तो मधोमध ड्रिल मारून काढावा लागला. नवे स्क्रू आणायला गेलो तर दुसरी गंमत. इंग्रजी व्हाइसचे आटे व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. आज बाजारात मिळणाऱ्या मेट्रिक स्क्रूचा कोन ६० अंशांचा. आपल्या देशात दशमान मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून येऊ लागली, आणि हळूहळू व्हिटवर्थचा माल दुकानाच्या मागच्या खणात गेला. दिसायला दोन्ही स्क्रू सख्खे भाऊ. दोन फेरे बसतातही. तिसऱ्याला जबरदस्ती केली की भोकातले आटे फाटलेच म्हणून समजा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका वृद्ध दुकानदाराने धुळीने माखलेला डबा काढून मला चार स्क्रू मोजून दिले. पैसे घेताना म्हणाला, “हे विचारणारं कुणीतरी यायचंच, म्हणून टाकले नाहीत.”

गंज काढायला आम्ही कोल्हापूरचा उपाय केला: उसाची मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात सुटे केलेले लोखंडी भाग बुडवून अंगणाच्या टोकाला झाकून ठेवायचे. दहा-बारा दिवसांत गंज चिखलासारखा सुटतो. वास येतो, त्यामुळे घरातून बोलणी बसतात. पण मळी गंज खाते, चांगल्या लोखंडाला फारशी हात लावत नाही. तेजाबाने काम झटपट होते, पण ते धातूही खाते आणि त्याचा धूर छातीत जातो. एक सूचना मात्र आवर्जून करतो. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरड्या पॉलिश पेपरने घासून धूळ उडवू नये, आणि नातवंडांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. मळीतून काढलेला भाग धुऊन, पुसून, उन्हात तापवून लगेच तेल लावावे. नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतो.

राहिला नट. मी मुंबईच्या चोरबाजारात गेलो, पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. व्हाइस दिसले, नट दिसले नाहीत. कारण नट हा काही कोणी सुटा काढून विकत नाही. दुसरा व्हाइस घेऊन त्याचा नट काढायचा, हा एक मार्ग असतो. तात्यांना तो पसंत नव्हता. “एकाला जगवाय दुसरा मारायचा काय?” आणि त्या दुसऱ्याचा नट तरी कुठे ताजा असणार! इंग्लंडात रेकॉर्डचे भाग नव्याने बनवून विकणारी मंडळी आहेत, परंतु टपाल आणि जकात धरून तो खर्च व्हाइसच्या किमतीच्या कितीतरी पट होता.

“मिळत नाही ना? मग करून घ्या,” तात्या म्हणाले, आणि मला उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्याकडे घेऊन गेले.

पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून ठसा घेतात आणि ठशात धातूचा रस ओततात. मला वाटले होते, जुना नटच वाळूत दाबला की काम झाले. पॅटर्नवाले हसले. रस थंड होताना आक्रसतो. बीड फुटामागे सुमारे १/८ इंच आक्रसते, गनमेटल त्याहून अधिक, सुमारे ३/१६ इंच. जुन्या भागावरून ठसा घेतला तर नवा भाग लहानच निघणार. शिवाय जुना मुळातच झिजलेला! म्हणून पॅटर्नवाल्यांकडे खास पट्टी असते. तिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. त्या पट्टीने मोजून लाकूड कापायचे की आक्रसणे आपोआप हिशेबात येते. आयुष्यभर व्याजाचे कोष्टक हाताळलेल्या मला ही पट्टी पाहून फार आनंद झाला. पुढे होणारी घट आधीच मापात धरून ठेवणारे असे दुसरे साधन मी पाहिलेले नाही.

नट गनमेटलचा करायचे ठरले: तांबे ८८ भाग, कथील १०, जस्त २. ओतून आल्यावर लेथवर चौकोनी आटे पाडायचे होते, आणि इथे तात्यांचा खरा अनुभव कामी आला. टर्नर स्क्रूचे माप मधल्या भागावर घेऊ लागला, तेव्हा तात्यांनी त्याचा हात धरला. व्हाइस बहुतेक वेळा थोडासाच उघडला जातो, त्यामुळे दांड्याकडचे आटे जास्त झिजतात आणि पार टोकाचे जवळजवळ कोरे राहतात. झिजलेल्या आट्यांवरून माप घेतले, तर कोऱ्या आट्यांवर नट अडकणार. तात्यांची नजर आता मंद झाली आहे. त्यांनी अंगठ्याचे नख आट्यांवरून फिरवले, टोकाकडची एक जागा दाखवली आणि म्हणाले, “हितं माप घे. हितं अजून गिरणीतला नवा हाय.”

नट बसला. दांडा फिरवताच जबडा सरकला. मधला रिकामा अर्धा फेरा नाहीसा झाला. जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या धरून आवळले, आणि दोन्ही सारख्याच घट्ट बसल्या. जबडे समांतर असल्याची ही साधी परीक्षा.

व्हाइस टेबलावर बसवायचीही एक रीत आहे. जबड्याचा वरचा काठ काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीवर यावा आणि मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. कोपर कोणाचे धरायचे, यावर आमची थोडी चर्चा झाली. तात्या माझ्यापेक्षा बुटके. अर्थात तात्यांचे कोपर धरले. मी वाकून काम करतो.

या सगळ्याला खर्च किती आला, असे मित्र विचारतात. नव्या देशी व्हाइसपेक्षा जास्त आला, हे खरे आहे. पैशाचाच हिशेब करायचा तर हा व्यवहार कोणत्याही बँकेने नामंजूर केला असता. पण ‘पार्ट मिळत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘पार्ट विकत मिळत नाही’ एवढाच असतो, हे मला त्या पैशात कळले. तो करून मिळतो. करणारे हात आहेत तोवर मिळतो. जी भट्टी व्हाइस वितळवते, तीच त्याचा नटही ओतू शकते. भट्टीला दोन्ही सारखेच. फरक तिच्याकडे काय घेऊन कोण जातो याचा आहे. आणि चिंता भागांची नाही, हातांचीच आहे. नखाने आटा वाचणारा माणूस गेला की टर्नर मधल्या भागाचेच माप घेणार.

पण अगदीच निराश होण्यासारखे नाही. पॅटर्नवाल्यांचा मुलगा पॅटर्नची चित्रे कॉम्प्युटरवर काढतो. आमच्या नटाची मापे त्याने मागून घेतली. “यातही आक्रसण्याचं माप धरावंच लागतं का?” मी विचारले. “काका, ते कॉम्प्युटरला नाही, बाबांनाच विचारावं लागतं,” तो म्हणाला, आणि वडिलांनी दिलेले आकडे त्याने भरले. तात्यांची ती नखाची गोष्टही मी त्याला चित्राखाली लिहून ठेवायला लावली.

लाकडी पॅटर्न त्यांच्याच फळीवर ठेवला आहे. पंपांचे, इंजिनांचे, उसाच्या घाण्याचे पॅटर्न आहेत, त्यांच्या रांगेत हा एक. त्यावर खडूने लिहिले आहे: ‘रेकॉर्ड, पाच इंची, गनमेटल’. गेल्या वर्षभरात तो दोनदा फळीवरून खाली आला. एकदा गडहिंग्लजच्या एका सायकल दुकानदारासाठी, एकदा आयटीआयच्या एका शिक्षकासाठी. दोघांनाही आधी दुकानात तेच उत्तर मिळाले होते.