कविराय राम जोशी

गौरीगणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यांतील वाड्यावाड्यांतून जाखडीचा फेर धरला जातो. पायांत घुंगरू, मध्यें मृदंग व झांजा, आणि शक्तीवाले व तुरेवाले ह्यांचे सवालजबाब. शक्ति श्रेष्ठ कीं शिव, हा त्या झगड्याचा विषय. घाटावर हाच वाद कलगीतुऱ्याचा म्हणून प्रसिद्ध आहे. उत्तर पेशवाईंतील शाहीर ज्या फडांतून तयार झाले, त्या फडांशीं आजच्या काळाला जोडणारा हा एक धागा आहे. त्या शाहिरांत पदरचना, चाल आणि गायन हीं तिन्ही अंगें ज्यांना सारखींच साधलीं, असे पुरुष थोडे. त्यांत सोलापूरचे राम जोशी अग्रगण्य होत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरांतील एका जोशीपण चालविणाऱ्या ब्राह्मण घराण्यांत ते जन्मले. वडील बंधु मुद्गल हे व्युत्पन्न पुराणिक. धाकट्यानें पंचांग हातीं धरावें, पोथी सोडावी, ही घरची अपेक्षा. आणि धाकट्याचे कान मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे लागलेले. रात्रीं तमाशा, सकाळीं बोलणीं, असा क्रम कांहीं काळ चालला. अखेरीस बंधूंनीं घराबाहेर काढल्यावर ते पंढरपुरास गेले व तेथें संस्कृताचा अभ्यास करून विद्वान होऊन परतले, अशी त्यांची हकीकत सांगतात.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच आहे असें नव्हे. लंडनच्या टॉमस आर्न ह्या संगीतकाराच्या (१७१०–१७७८) वडिलांनीं मुलाला वकिलाच्या हाताखालीं उमेदवारीस घातलें होतें. त्या मुलानें खोलींत चोरून वाद्य ठेवलें आणि घरचीं माणसें निजल्यावर, आवाज बाहेर जाऊं नये म्हणून तारांवर हातरुमाल पसरून, तो रियाज करीत असे. पुढें इंग्रजांचें 'रूल ब्रिटानिया' हें गीत १७४० सालीं त्यानेंच स्वरबद्ध केलें. त्याच्या वडिलांचा राग निवळला. घरांत गाणारी बहीणहि निघाली. राम जोश्यांची अडचण ह्याहून कठीण होती. तेथें प्रश्न धंद्याचा होता, येथें जातीचा व प्रतिष्ठेचा. डफतुणतुण्याच्या साथीनें ब्राह्मणानें फडांत उभें राहणें हें त्या काळीं अधःपतनच समजत.

परंतु पंढरपूरची विद्या फुकट गेली नाहीं. ती फडावरच आली. लावणीची रचना मुळांत तालाची असते. बहुतेक लावण्या आठ किंवा सहा मात्रांच्या आवर्तनांत चालतात. मुख्य गायक चरण म्हणतो, झीलकरी ध्रुपद उचलतात, आणि ढोलकी त्या दोहोंतील जागा भरून काढते. ह्या धांवत्या सांच्यांत राम जोश्यांनीं संस्कृत समास आणि लागोपाठ येणारीं यमकें अशा खुबीनें बसविलीं कीं अर्थ न कळतांहि ऐकणाऱ्याची मान डोलावी. संस्कृताचे तर त्यांनीं लावणींत मुक्त प्रयोग केले; सोलापूर कानडी मुलखाला लागून असल्यामुळें कानडीचीहि भर घातली. 'कविराय' ही त्यांची नाममुद्रा. कित्येकदां ह्या शब्दचातुर्याचा अतिरेक होतो आणि भाव मागें पडतो, हेंहि प्रांजळपणें म्हटलें पाहिजे. होनाजीचा साधेपणा त्यांच्यापाशीं नाहीं.

त्यांच्या आयुष्याला वळण लागलें तें मोरोपंतांमुळें. पंतांचें (१७२९–१७९४) घराणें मूळचें राजापूर तालुक्यांतील सौंदळचें. जन्म पन्हाळ्यावरचा, आणि सारी कारकीर्द बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयानें झालेली. पंतांनीं उपदेश केला आणि शाहिरानें डफ टाकून कीर्तनाची वीणा घेतली, असें सांगण्याची रीत आहे. संगमनेरच्या अनंत फंदींविषयींहि अशीच कथा आहे, फक्त तेथें उपदेश करणाऱ्या अहिल्याबाई होळकर. एकाच घडणीच्या दोन कथा आढळल्या म्हणजे थोडें सावध राहावें हें बरें. गुणी शाहीर शेवटीं शिष्टांच्या पंक्तीस आणून बसविण्याची समाजाला हौस असते.

मात्र ह्या भेटींत लाभ एकाच बाजूचा झाला, असें समजूं नये. पंतांची आर्या म्हणजे बहुधा गीति : प्रत्येक अर्धांत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा. अर्थानें ती इतकी ठासून भरलेली कीं पोथींत ती सामान्य वाचकाला बंद पेटीसारखी वाटे. ती उघडण्यास मात्रांचा तोल सांभाळणारा, यमकावर नेमका थांबणारा आणि सभेची नाडी ओळखणारा गळा हवा होता. तो फडावर तयार झालेला होता. राम जोश्यांनीं कीर्तनांतून आर्या गाइल्या आणि त्या घरोघरीं गेल्या. विद्वान कवीला शाहिराची गरज लागली, ही गोष्ट सांगतांना तिच्यावर जितका भर द्यावा तितका कोणी देत नाहीं.

१८१२ च्या सुमारास ते वारले. पुढें शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनीं त्यांच्या लावण्या संग्रहित करून छापल्या. १९४७ सालीं 'लोकशाहीर राम जोशी' हा बोलपट निघाला आणि जयराम शिलेदारांच्या रूपानें शाहीर पुन्हा घरोघर पोंचला. त्यांतील संगीत वसंत देसायांचें. मूळच्या चाली कशा होत्या, हा प्रश्न तसाच राहिला. आर्नच्या 'आर्टाझर्क्सिस' ह्या संगीतिकेचे स्वर १७६२ सालींच छापले गेले, तरी छापण्यांत जो भाग गळला तो १८०८ च्या नाटकगृहाच्या आगींत कायमचा गेला. आपल्याकडे तर स्वर लिहून ठेवण्याची चालच नव्हती. छापील पदाच्या माथ्यावर 'चाल : अमुक पदाची' एवढी सूचना असावयाची, आणि तें दुसरें पद गाणारा असेपर्यंतच तिचा उपयोग.