वाफेचें पाणी व तरंगत्या गोळ्याचा ट्रॅप

आपल्या परळी तालुक्यांत ऊस लावणारा असा शेतकरी विरळाच, कीं ज्यानें कारखान्याच्या वजनकाट्यापुढें एखादी रात्र काढली नाहीं. ट्रॉल्यांची रांग पुढें सरकत नाहीं, थंडी वाजत असते, आणि मोळ्यांतील ऊस तासातासाला सुकत असतो. काट्यावर वजन होतें तें ह्या सुकलेल्या उसाचें, व दाम मिळतो तोही त्याच वजनाचा. रांग कां अडली असें विचारल्यास ‘आंत स्टीम नाहीं’ एवढेंच उत्तर येतें. ह्या उत्तराचा अर्थ पुष्कळ वर्षें आम्हांस कळला नव्हता. तो कसा कळला, व त्यांत सभासद शेतकऱ्याचें हित कसें गुंतलें आहे, हें वाचकांपुढें ठेवावें ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंत. फेरफार, पैसेवारी व वसुलीचे तक्ते यांपलीकडे विद्या नाहीं. सबब यंत्रशास्त्र जाणणाऱ्या वाचकांनीं आमची भाषा सांभाळून घ्यावी. सिरसाळ्याच्या शिवारांत घरचा थोडा ऊस असतो, तेवढ्यापुरताच कारखान्याशीं संबंध.

कांहीं वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामांत आमचा ऊस एका कारखान्याच्या आवारांत दोन दिवस व तीन रात्री उभा राहिला. कारखान्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. असा प्रसंग कोठेंही येऊं शकतो. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आंत गाळला जावा हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें वजनही घटतें आणि साखरही. त्या कारखान्यांत आमच्या बहिणीचे यजमान फिटर होते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते चहाच्या टपरीवर भेटले. आम्हीं रागानेंच विचारलें, ‘दाजी, बॉयलर पेटलेले दिसतात, धुराड्यांतून धूर निघतो आहे, मग तुमची स्टीम जाते कोठें?’ दाजी म्हणाले, ‘भाऊसाहेब, स्टीम जाते गटारांत. चला, दाखवितों.’

त्यांनीं परवानगी काढून आम्हांस आंत नेलें. रस तापविण्याच्या उभ्या हीटरांच्या पायथ्याशीं एक लोखंडी पेटी होती. आकार साधारण पाण्याच्या लहान घागरीएवढा. तिच्या बाजूच्या आडवळणाच्या नळीचा व्हॉल्व्ह पुरा उघडा होता, व नळीच्या तोंडांतून उकळतें पाणी आणि पांढरी वाफ भसाभस नालींत पडत होती. ‘ह्या पेटीला स्टीम ट्रॅप म्हणतात. ही बिघडली, म्हणून सारा कारखाना अडला,’ असें दाजी म्हणाले. एवढ्याशा पेटीनें दोन-चारशें ट्रॉल्या अडवाव्या, ही गोष्ट प्रथम आम्हांस खरी वाटली नाहीं.

आतां ही पेटी काय करते तें सांगतों. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० उष्मांक लागतात. परंतु शंभर अंशांच्या त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५३९ उष्मांक खर्ची पडतात. ही उष्णता वाफेच्या अंगांत दडून राहते, म्हणून तिला गुप्त उष्णता म्हणतात. वाफ थंड नळीला लागली कीं तिचें पुन्हां पाणी होतें, व ते ५३९ उष्मांक नळींतल्या रसाला मिळतात. म्हणजे वाफेचें खरें धन तिच्या पाणी होण्यांत आहे. मात्र धन देऊन झाल्यावर जें पाणी उरतें तें तेथून तत्काळ निघालें पाहिजे. तें सांचत गेलें तर नळ्या पाण्यांत बुडतात, नवीन वाफेला टेकावयास जागा राहत नाहीं, आणि रस कोमट राहतो. उसाच्या रसाचें तर असें आहे कीं, चुना व गंधकाचा धूर देण्यापूर्वीं तो सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत आणि त्यानंतर शंभर अंशांच्याही किंचित् वर न्यावा लागतो. तेवढा न तापल्यास गाळ खालीं बसत नाहीं, रस गढूळ राहतो, व पुढील सर्व कामें रेंगाळतात.

तेव्हां पाणी जाऊं द्यावें व वाफ अडवावी असा नाकेदार दारावर हवा. हें काम माणसानें तोटी उघडून-मिटून करावें म्हटलें तर तो दिवसभर तेथेंच बसला पाहिजे. शिवाय थोडी अधिक उघडली तर वाफ गेली, थोडी कमी उघडली तर पाणी सांचलें. हळद पिकविणाऱ्या वाचकांस ह्याचा अनुभव असेल. वसमतकडे वाफेवर हळद शिजवितात, त्या पिंपांच्या बुडाशीं पाणी काढण्याची तोटी असते. तिच्याकडे दुर्लक्ष झालें कीं बुडाची हळद पाण्यांत उकडते आणि वरची नीट शिजत नाहीं.

दाजींनीं शेजारची सुटी करून ठेवलेली पेटी दाखविली. तिच्या पोटांत पातळ पत्र्याचा, आंतून पोकळ असा गोळा एका दांड्याच्या टोकाला बसविलेला असतो. दांड्याचें दुसरें टोक खिळीवर फिरतें, व त्याच टोकाशीं एक लहानशी झडप बाहेर जाण्याच्या भोंकावर बसते. पाणी आंत आलें कीं गोळा तरंगून वर उचलला जातो, झडप उघडते व पाणी वाहूं लागतें. पाणी अधिक आलें तर गोळा अधिक वर, झडप अधिक उघडी. पाणी कमी झालें तर गोळा खालीं, झडप मिटत आलेली. घरावरील टाकींत पाण्याच्या चेंडूची तोटी असते ना, त्याच जातीचें हें यंत्र; फरक एवढाच कीं टाकींत चेंडू वर गेल्यानें तोटी बंद होते आणि येथें उघडते. ह्यांतील खरी खुबी अशी कीं बाहेर जाण्याचें भोंक सदैव पाण्याच्या पातळीखालीं राहतें. वाफ हलकी, ती वरच राहते. भोंकापर्यंत पोंचण्यापूर्वीं तिला पाण्याचा पडदा आडवा येतो. दुसऱ्या कांहीं जातीचे ट्रॅप थांबून थांबून पाणी टाकतात. गोळ्याचा ट्रॅप मात्र जसजसें पाणी येईल तसतसें सतत सोडीत राहतो, म्हणून रस तापविण्यासारख्या अखंड कामास तो फार सोयीचा पडतो.

येथें एक अडचण उत्पन्न होते ती हवेची. कारखाना बंद असतां हीटरांत व नळ्यांत हवा भरून राहते. वाफ सुरू केली कीं ही हवा पुढें ढकलली जाऊन ट्रॅपच्या पोटांत येते व तेथेंच अडकते. भोंक पाण्याखालीं असल्यानें तिला वाट नाहीं. मग पाणीही आंत येऊं शकत नाहीं. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर ही हवा म्हणजे पोटखराबा: जागा अडविते, उत्पन्न कांहीं देत नाहीं. तिच्यासाठीं पेटीच्या वरच्या अंगास एक निराळी लहान झडप असते. ती थंडींत उघडी राहते व वाफेची पुरी ऊब लागली कीं आंतील डबी फुगून आपोआप मिटते.

आतां तो ट्रॅप बिघडला कसा? आठवड्याच्या सफाईनंतर कारखाना पुन्हां चालू करतांना कोणीतरी घाईनें वाफेचा मोठा व्हॉल्व्ह एकदम उघडला होता. थंड नळींत आधींचें पाणी पडून होतें. मागून आलेल्या वाफेनें तें पाणी गोळीसारखें पुढें फेकलें व त्याचा तडाखा गोळ्यावर बसला. नळ्यांतून घणाचे घाव घातल्यासारखा जो आवाज येतो तो हाच. गोळ्याच्या सांध्याला केसाएवढी चीर पडली. चिरेंतून पाणी आंत गेलें, गोळा जड होऊन बुडाला, आणि झडप कायमची मिटली. हीटर पाण्यानें भरला, रस तापेना. तेव्हां पाळीवरच्या लोकांनीं आडवळणाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी वाहतें केलें. प्रसंगीं तें करावेंच लागतें. परंतु नाकेदार उठून गेल्यावर पाण्यामागोमाग वाफही निघाली. अशा तीन हीटरांवर हाच प्रकार, बदलीचा गोळा भांडारांत नाहीं, म्हणून वाफेचा दाब उतरला, गाळप मंदावलें, आणि आमचा ऊस आवारांत सुकला.

झालेल्या नुकसानींत वजनाची घट ही तर उघड दिसणारी. न दिसणारें नुकसान बगॅसचें आहे. शंभर टन उसापासून सुमारे अठ्ठावीस ते तीस टन ओली बगॅस निघते, व एक टन बगॅसपासून ढोबळ मानानें दोन टन वाफ होते. साखर करण्यास दर शंभर टन उसास चाळीस ते पन्नास टन वाफ लागते. आतां हिशेब असा. हीटरांतून निघालेलें पाणी गरम असतांनाच बॉयलरला परत दिलें, तर समजा तें नव्वद अंशांवर पोंचतें. तें नालींत सोडून त्याऐवजीं तीस अंशांचें पाणी घेतलें, तर दर किलोमागें ६० उष्मांक अधिक लागतात. तीस अंशांच्या पाण्याची साध्या दाबाची वाफ करण्यास एकंदर ६०९ उष्मांक हवेत. म्हणजे सर्वच पाणी वायां गेल्यास जवळजवळ दहावा हिस्सा इंधन फुकट जातें. शंभर टन उसामागें दोन टनांहून अधिक बगॅस. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यांत हा आंकडा दिवसाला पन्नास टनांवर जातो. सारेंच पाणी कोणी वायां घालवीत नाहीं हें खरें, परंतु नुसती वाफच निघून जात असेल तर तोटा याहून मोठा, कारण तिच्याबरोबर ते ५३९ उष्मांकही जातात.

‘कारखान्याची बगॅस गेली, आमचें काय गेलें?’ असें म्हणणारे शेतकरी आम्हीं पाहिले आहेत. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत चालू झाल्यापासून आपल्याकडे मालक व ऊसवाला एकच, असें निदान कागदावर तरी आहे. शिवाय उसाच्या दराविषयीं महाराष्ट्रांत २०१३ सालीं कायदा झाला. त्याअन्वयें साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड हे उपपदार्थ मिळून जें उत्पन्न येईल त्याचे ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, हा ऊस उत्पादकाचा वाटा धरला आहे. तेव्हां वांचलेली बगॅस विकली गेली किंवा तिच्यापासून वीज झाली, तर ती बाब आपल्याच खात्यांत जमेस येते.

आणि दुसरा प्रश्न पाण्याचा. २०१३ सालच्या आरंभीं पाणी नाहीं म्हणून परळीचें औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावें लागलें; २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलखांत वाफेचें शुद्ध पाणी नालींत सोडणें हा निव्वळ अविचार होय. हें पाणी क्षारविरहित असल्यानें बॉयलरच्या नळ्यांत पुटें धरत नाहींत. मात्र एक पथ्य आहे. एखादी नळी आंतून फुटली तर वाफेच्या पाण्यांत रस मिसळतो, आणि गोड पाणी बॉयलरला विषासारखें. म्हणून प्रयोगशाळेंत त्या पाण्याच्या नमुन्यांत अल्फा-नॅफ्थॉल व जहाल गंधकाम्ल घालून पाहतात. साखरेचा अंश असेल तर जांभळें कडें उमटतें, आणि तें पाणी बॉयलरकडे न नेतां अन्यत्र वळवितात.

सर्व ठिकाणीं हाच ट्रॅप चालतो असें मात्र समजूं नये. नॉर्बर्ट रिल्यू नांवाच्या अमेरिकन यंत्रज्ञानें १८४३ सालीं रस आटविण्याच्या ज्या पद्धतीचें पेटंट घेतलें, तींत एका भांड्यांतील रसाची वाफ पुढच्या भांड्यास तापविते. शेवटच्या भांड्यांत हवेचा दाब फार कमी ठेवलेला असतो. तेथें बाहेरचीच हवा आंत ढकलूं पाहते, म्हणून पाणी पंपानें अगर खालच्या कुंडांत सोडलेल्या लांब उभ्या नळीनें काढावें लागतें. शिवाय ट्रॅपचें भोंक दाबाप्रमाणें लहानमोठें निवडावें लागतें. थोड्या दाबासाठीं केलेला मोठ्या भोंकाचा ट्रॅप अधिक दाबावर बसविला तर दाब झडपेस असा रेटून धरतो कीं गोळ्याच्या तरंगण्यानें ती उघडत नाहीं. ट्रॅप नवा कोरा असून निकामी. पेटी सरळ बसविली पाहिजे, नाहींतर गोळ्यास वरखालीं होतां येत नाहीं. पुढें जाळी हवी व ती वेळोवेळीं धुतली पाहिजे, कारण गंजाचा एक कण झडपेखालीं अडकला तरी वाफ गळूं लागते. थंड देशांत आंतील पाणी गोठून पेटी फुटण्याचीही भीति असते. तेवढ्यापुरती आपल्या उन्हाची कृपा.

अशीं उपकरणें आपल्याच राज्यांत पुण्याजवळ कासारवाडीस फोर्ब्स मार्शल कंपनी तयार करते, तेव्हां सुटे भाग मिळत नाहींत ही सबब टिकणारी नाहीं. दाजींची परीक्षेची रीत जुनी होती: लोखंडी सळईचें एक टोक पेटीवर, दुसरें कानाशीं. पाणी वाहत असेल तर खळखळ ऐकूं येते, वाफ निसटत असेल तर बारीक शीळ, आणि कांहींच ऐकूं न येऊन पेटी थंड लागली तर गोळा बुडाला असें समजावें.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेंत आम्हीं लेखी प्रश्न दिला कीं, कारखान्यांत ट्रॅप एकूण किती, त्यांपैकीं चालू किती, व हंगामापूर्वीं ते तपासल्याची नोंद कोणत्या वहींत आहे. सभेंत हंशा पिकला. एका सभासदानें ‘भाऊसाहेब, आतां ट्रॅपचाही सात-बारा काढतां काय?’ असेंही विचारलें. परंतु पुढील हंगामापूर्वीं तशी वही घालण्यांत आली, प्रत्येक पेटीवर क्रमांक रंगविला गेला, आणि भांडारांत सहा गोळे येऊन पडले. त्या हंगामांत आमचा ऊस सकाळीं तुटला तो त्याच रात्रीं काट्यावर चढला.

फुटका गोळा आम्हीं भंगाराच्या दरानें वजन करून, रीतसर पावती घेऊन घरीं आणला. तो दिवाणखान्यांत फळीवर ठेविला आहे. हालविला असतां आंत अजून थोडें पाणी वाजतें.