पवित्र कबरीची डागडुजी

जेरुसलेमच्या जुन्या शहरात पवित्र कबरीचे चर्च आहे. त्याच्या मोठ्या घुमटाखाली संगमरवराने मढवलेली एक छोटी वास्तू उभी आहे. तिला एडिक्यूल म्हणतात. येशू ख्रिस्ताचा देह इथेच ठेवला होता आणि इथूनच तो तिसऱ्या दिवशी उठला, अशी ख्रिस्ती परंपरेची श्रद्धा आहे. १८०८ च्या आगीनंतर निकोलाओस कोम्निनोस या वास्तुकाराने तिला आजचे रूप दिले. पुढे १९२७ चा भूकंप झाला आणि भिंती खिळखिळ्या झाल्या. १९४७ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने चारी बाजूंनी लोखंडी तुळयांचा टेकू दिला. हा टेकू जवळपास सत्तर वर्षे तसाच राहिला.

यामागे केवळ पैशांची अडचण नव्हती. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि रोमन कॅथलिकांच्या वतीने फ्रान्सिस्कन, असे तीन पंथ या चर्चचा कारभार पाहतात. ऑटोमन काळापासून ‘जैसे थे’ हा इथला नियम. तिघांची संमती असल्याशिवाय मोठ्या दुरुस्तीला हात लागत नाही. २०१५ मध्ये वास्तू धोकादायक झाल्याच्या कारणावरून इस्रायली पोलिसांनी ती काही तास बंद केली, तेव्हा सगळेच हादरले. मार्च २०१६ मध्ये तिन्ही पंथांचा करार झाला आणि अथेन्सच्या राष्ट्रीय तांत्रिक विद्यापीठाच्या प्राध्यापक अँटोनिया मोरोपूलू यांच्या चमूने काम हाती घेतले.

आधी निदान झाले. रडार आणि लेझरच्या मोजणीतून कळले की संगमरवराच्या आत मूळ खडकात कोरलेल्या गुहेच्या भिंती अजून शाबूत आहेत. मात्र जमिनीतून चढणारी ओल, गर्दीच्या श्वासांचा दमटपणा आणि मेणबत्त्यांचा धूर यांनी चुन्याचा गारा भुसभुशीत झाला होता आणि बाहेरच्या लाद्या फुगून सुटू लागल्या होत्या. लाद्या उतरवायच्या, कुजका गारा खरवडून काढायचा, पोकळ्यांत नवा पातळ गारा दाबाने भरायचा आणि सगळे टायटॅनियमच्या खिळ्यांनी जखडायचे, असा बेत ठरला. भाविकांची वाट अडू नये म्हणून बरेचसे काम रात्री चाले.

हा पातळ गारा झिरपून कबरीत उतरण्याची भीती होती, म्हणून कबर उघडून आतून नीट बंद करणे भाग होते. २६ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री वरची संगमरवरी लादी सरकवली गेली. खाली भराव निघाला. तो उपसल्यावर दुसरी, करड्या रंगाची, तडकलेली लादी दिसली. तिच्यावर क्रूस कोरलेला होता. तिच्याही खाली चुनखडीच्या खडकात कोरलेला ओटा होता, ज्यावर देह ठेवला गेला असे मानतात. साठ तासांत अभ्यास आणि नोंदी उरकून कबर पुन्हा झाकली गेली. आतल्या भिंतीत मात्र एक छोटी चौकट राखली, तिच्यातून मूळ खडक पाहता येतो.

ओटा आणि खालची लादी यांच्यामधल्या गाऱ्यातले गारगोटीचे कण शेवटचे उजेडात कधी होते, हे प्रयोगशाळेत मोजले गेले. उत्तर आले सुमारे इ. स. ३४५. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इथे पहिले चर्च उभारले तो हाच काळ. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकुमाने चर्च पाडले गेले होते आणि हाती असलेले वास्तूचे सर्वांत जुने पुरावे क्रुसेडांच्या काळापलीकडे जात नव्हते. कबर कोणाची, हे गारा सांगू शकत नाही. पण चौथ्या शतकात लोकांनी जी जागा पवित्र मानून बांधली, तीच ही जागा, हे त्याने सांगितले.

२२ मार्च २०१७ रोजी टेकूविना उभी असलेली वास्तू भाविकांच्या स्वाधीन झाली. २०२२ पासून चर्चच्या फरशीचे काम सुरू झाले. रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या फ्रान्चेस्का रोमाना स्तासोल्ला यांच्या चमूला त्याखाली जुन्या दगडखाणीच्या खुणा सापडल्या. त्यावरच्या मातीत ऑलिव्ह आणि द्राक्षवेलीचे अवशेष मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. योहानाच्या शुभवर्तमानात कबरीजवळ बाग असल्याचा उल्लेख आहे, म्हणून या अवशेषांचे मोल मोठे.

इथे संशोधकांनी दुरुस्तीला लागेल तेवढेच उघडले, उघडले तेवढे बारकाईने नोंदले आणि प्रार्थना खंडित होऊ दिली नाही. कुठल्याही धर्माच्या जुन्या वास्तूला हात घालणाऱ्याने हा संयम शिकून घ्यावा.