कानावरची खाच

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली, तर त्याची नसबंदी झाली आहे असं समजावं. त्याच वेळी रेबीजची लसही टोचलेली असते. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार महापालिका कुत्री पकडते, शस्त्रक्रिया करते आणि सहसा त्याच भागात परत सोडते. कारण जागा रिकामी झाली, की नसबंदी न झालेली बाहेरची कुत्री तिथे शिरतात.

पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची. मुंबई-पुण्यात परवाना लागतो. हौस फिटल्यावर त्याला रस्त्यावर सोडून देणं हा निव्वळ क्रूरपणा आहे आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही.

कुत्रं घरचं असलं तरी चावल्यावर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.