वाट चोरीला जाते तेव्हा

तुमचे पत्र कोणत्या गाडीने जायचे हे टपालखाते ठरवते. इंटरनेटला असे एकच खाते नाही. हजारो स्वतंत्र जाळी शेजाऱ्यांना सांगतात, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत’, आणि शेजारी ते पुढे कळवतात. १९८९ साली आखलेल्या या पद्धतीचे नाव बीजीपी. सारा कारभार विश्वासावर!

२४ फेब्रुवारी २००८ रोजी काय झाले पाहा. पाकिस्तानला यूट्यूब देशापुरते बंद करायचे होते. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे २५६ पत्ते आपलेच असल्याचे जाहीर केले. ही घोषणा हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीमार्फत जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती. आणि राउटरचा नियम असा, की लहान, अधिक नेमका गट दिसला तर तीच वाट धरायची. झाले! जगाची रहदारी भलतीकडे वळली. यूट्यूबने मग १२८ पत्त्यांचे गट जाहीर करून तोच नियम उलटवला. पूर्ववत व्हायला सुमारे सव्वादोन तास लागले.

हे ओळखायचे कसे? प्रत्येक जाळ्याला क्रमांक असतो: यूट्यूबचा ३६५६१, पाकिस्तान टेलिकॉमचा १७५५७. युरोपातील राइप संस्थेची यंत्रे ठिकठिकाणच्या घोषणा टिपून ठेवतात. पत्ते तेच, पण मूळ क्रमांक एकाएकी निराळा, की संशय घ्यावा. अर्थात पत्त्यांची रीतसर अदलाबदलही होते, म्हणून आता मालकाच्या सांकेतिक सहीचा दाखला ताडून पाहतात. मात्र लबाडाने मार्गाच्या शेवटी खऱ्या मालकाचाच क्रमांक लिहिला, तर हा दाखला फसतो.