नव्या लाकडावरची पांढरी बुरशी

माशांच्या पेटीत हौसेने नवं लाकूड ठेवावं आणि चार-पाच दिवसांत त्यावर पांढुरका, शेंबडासारखा थर चढावा. कुठे तो कापसासारखा फुगतो, कुठे तारा धरून लोंबतो. मग आता मासे मरणार या धास्तीने माणूस अख्खी टाकी रिकामी करून घासून काढतो. या सगळ्या प्रकरणात मासे मरतात ते बहुधा याच कामामुळे. शिवाय धाराशिव जिल्ह्यात नळाला रोज पाणी नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. तिथे चार घागरी पाणी वाया घालवणं घरच्यांनाही मानवत नाही.

आधी हा थर आहे तरी काय, ते पाहू. काढणीला पाऊस लागला की सोयाबीनच्या गंजीला बुरशी धरते, हे आपल्याला ठाऊक आहे. ओल आणि खाद्य एकत्र आलं की ती येणारच. वाळलेल्या लाकडात झाडाने साठवलेली साखर आणि पिष्ट थोडं उरलेलं असतं. लाकूड बुडालं की ते पाझरू लागतं आणि त्यावर जिवाणू व बुरशी मिळून चिकट थर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात, म्हणजे सूक्ष्मजीवांचा पापुद्रा. खाद्य संपलं की तो ओसरतो. बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत. निरोगी माशांना त्याचा त्रास होत नाही. मॉली, गोगलगायी आणि शोभेची बारकी कोळंबी तर तो आवडीने चरतात.

माशाच्याच अंगावर किंवा परांवर कापसासारखा पुंजका दिसला, तर ती गोष्ट वेगळी. तो जखमी, अशक्त माशाला होणारा आजार आहे. त्या माशाला वेगळं काढून उपचार करावे लागतात. इथे आपण फक्त लाकडाचं बोलतो आहोत.

पहिलं काम लाकडाची परीक्षा. लाकूड बाहेर काढा आणि वास घ्या. मातकट वास चालेल. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लाकूड आतून कुजतंय. मग अंगठ्याचं नख जोरात दाबा. नख रुतलं, भुसा निघाला, तर ते लाकूड पेटीत ठेवण्यासारखं नाही.

दुकानातून आणलेलं ड्रिफ्टवुड असेल तर जातीची चिंता फारशी नसते. पण पुष्कळ जण ओढ्याकाठची, धरणाचं पाणी हटल्यावर उघडी पडलेली मुळं उचलून आणतात. कण्हेर, रुई, शेर ही विषारी चिकाची झाडं नकोत. ज्याच्या निंबोळीचा अर्क आपण पिकावरच्या किडीला फवारतो, त्या कडुलिंबाचं लाकूडही मी माशांजवळ ठेवणार नाही. जुन्या, पूर्ण वाळलेल्या बाभळीचा गर्द गाभा त्या मानाने चांगला. बाहेरच्या फिक्या लाकडात साखर जास्त, म्हणून बुरशीही जास्त. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातून मात्र वाळकी काटकीही उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे.

दुसरं काम घासणं. बादलीभर पाण्यात लाकूड धरून जुन्या टूथब्रशने थर काढा, सुटी साल ओरबाडून टाका. साबण, डेटॉल, फिनेल काही लावायचं नाही. लाकूड ते पिऊन घेतं आणि पुढे पेटीत थोडं थोडं सोडत राहतं.

तिसरं काम उकळणं. स्वयंपाकाला न लागणारं मोठं पातेलं घ्या. लाकूड पूर्ण बुडवून तास-दोन तास उकळा. प्रेशर कुकरच्या भानगडीत पडू नका. पाणी कोऱ्या चहासारखं लाल होईल. ते टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य. बाभळीच्या सालीने पूर्वी कातडी कमावत, ती त्याच्याच जोरावर. पेटीतलं पाणी थोडं तांबूस झालं तरी त्याने मासे मरत नाहीत. रंग नकोच असेल तर पाणी बदलून पुन्हा उकळा.

पातेल्यात न मावणारं लाकूड ड्रममध्ये घालून त्यावर उकळतं पाणी ओता आणि आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. तरंगत असेल तर वर आपला काळा दगड ठेवा, चुनखडी नको. आपल्याकडच्या बोअरचं पाणी आधीच जड असतं, चुनखडीने ते आणखी जड होईल.

इतकं करूनही लाकूड परत ठेवल्यावर आठवड्याभरात थर पुन्हा दिसू शकतो. माझ्या पहिल्या बाभळीच्या मुळावर तो तीनदा आला आणि तिसऱ्यांदा मी ते मूळ फेकायला निघालो होतो. उकळल्याने वरची साखर निघते, आतली हळूहळू बाहेर येते. अशा वेळी लाकूड न हलवता बारीक नळीने थर ओढून घ्यावा. फिल्टरची धार लाकडावरून जाईल अशी वळवली, तर तो लवकर धरतही नाही.

आता पाण्याचं. आठवड्याला पाव टाकीच बदला. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो आणि तो पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजात व वाळूत राहतात. सगळं एकदम धुतलं की ते जातात आणि मासे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मरतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ते पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून दिवसभर ठेवा, मगच घाला. काढलेलं पाणी कढीपत्त्याला द्या, त्यात खत असतं.

दुकानदार बुरशी म्हटलं की निळ्या औषधाची बाटली पुढे करतात. ते मिथिलीन ब्लू. लाकडासाठी ते घेऊ नका. लाकूड आणि काचेचे सांधे कायमचे निळे होतात आणि उपयोगी जिवाणूंनाही मार बसतो.

खरी काळजी प्राणवायूची. थरातले जिवाणूही प्राणवायू खातात, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांत साडेसात. त्यात एप्रिल-मेमध्ये भरदुपारी लाईट गेली की पंप बंद. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहा आणि लाकूड तात्पुरतं बाहेर काढा. उन्हाळ्यात नवं लाकूड ठेवायचंच असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी आणा.

दोन महिने उलटूनही थर तितकाच जाड असेल, तर नखाची परीक्षा पुन्हा करा. नख रुतलं, तर ते लाकूड वाळवून बंबात घाला.