महादेवाच्या डोंगरावरचा साहेबी बंगला

इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडरमियर तलावापाशी 1847 साली आगगाडी पोहोचली, आणि कवी वर्ड्‌स्वर्थने आधीपासून केलेला विरोध धाब्यावर बसवून मँचेस्टरच्या धनिकांनी त्या काठावर उन्हाळी घरे उठवण्याचा सपाटा लावला. त्यांपैकी एका दारूभट्टीवाल्याकरिता बेली स्कॉट या वास्तुविशारदाने 1898 ते 1900 या काळात बांधलेले ‘ब्लॅकवेल’ हे घर मोठे मासलेवाईक आहे. कारण तलाव पश्चिमेस पसरलेला असताना त्याने मुख्य दालनांची तोंडे दक्षिणेकडे ठेवली. थंड मुलखात पाण्याच्या देखाव्याहून उन्हाचे मोल अधिक, हा त्यातला हिशेब. तोच साहेब हिंदुस्थानात आला म्हणजे हिशेब नेमका उलटा होई : उन्हापासून पाठ कशी फिरवावी, एवढ्या एका चिंतेभोवती त्याचे सारे गृहशिल्प फिरत असे.

आपल्याकडे तलावाकाठच्या उन्हाळी वस्तीचे नाव निघाले की महाबळेश्वर आठवते, आणि तेथील वेण्णा तलाव तर 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवलेला. परंतु सौंसर, पांढुर्णा आणि नागपूर-छिंदवाडा हमरस्त्यावरील बोरगाव हा आमचा मराठी मुलूख ज्या मध्यप्रांतात मोडत होता, त्याचे महाबळेश्वर म्हणजे सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेतील पचमढी. तेथेही तलाव आहे, आणि आज त्यात सहलकरी नावा वल्हवतात. पण त्या पठारावरचा सर्वांत जुना साहेबी बंगला, ‘बायसन लॉज’, हवा खाण्याच्या हौसेने उभा राहिलेला नाही.

तो बांधला गेला 1862 साली. मध्यप्रांत त्याआधी जेमतेम काही महिने, 1861 च्या नोव्हेंबरात, अस्तित्वात आला होता, आणि रिचर्ड टेंपल याच्या हाती त्याची सूत्रे आली होती. जेम्स फॉर्सिथ या तरुण कप्तानाला त्याने महादेव डोंगररांगेत जंगलखात्याचे ठाणे वसवण्याकरिता धाडले, ते मुहूर्त पाहूनच. कारण हा डोंगर सरकारच्या दृष्टीने बदलौकिकाचा होता. 1818 साली नागपूरकर आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले, तेव्हा याच दऱ्याखोऱ्यांत गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. पुढे 1858 च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले, तेव्हा हर्राकोटचे राजे भभूतसिंह त्यांच्या बाजूने उभे राहिले. बंडाची राख निवते न निवते तोच त्या जागी कौलारू छपराखाली सरकारी मेज मांडले गेले, हे मला तरी केवळ योगायोगाचे वाटत नाही.

फॉर्सिथ शिकारी होता. सातपुड्यातील गव्याला साहेबलोक ‘बायसन’ म्हणत, त्यावरून बंगल्याला नाव पडले. त्याचा सातपुड्यावरील ग्रंथ 1871 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी, वयाच्या तेहतिशीतच, तो मरण पावला. मात्र शिकार हे त्याचे व्यसन होते. चाकरी होती ती सागवानाची मोजदाद आणि राखण करण्याची. लोहमार्गाला लाकूड हवे होते, आणि जंगल तोडून, जाळून, त्या राखेत कोदो-कुटकी पेरणारे गोंड व कोरकू लोक जंगलखात्याला आपले प्रतिस्पर्धी वाटत होते. 1865 साली शेजारच्या बोरीचे रान राखीव ठरले. देशातील पहिल्या राखीव वनांत त्याची गणना होते.

आता घराकडे पाहावे. पचमढीचे जुने बंगले दिसायला साधेच. उंच जोते, सभोवार रुंद ओसरी, भिंती जाड आणि चुन्यात बांधलेल्या, वर सागवानी वाशांवर कवेलूंचे उतरते छप्पर. दालनाची उंची पाहून मान मोडावी. तापलेली हवा वर जावी आणि भिंतीच्या माथ्यावरील झरोक्यांतून बाहेर पडावी, अशी ती योजना. ओसरीमुळे सूर्यकिरण दिवसभर मूळ भिंतीला शिवत नाही, आणि पावसाळ्यात, जेव्हा पठारावर पाण्याची नुसती झड लागते, तेव्हा तीच ओसरी भिंतीची छत्री होते. या उष्ण देशातल्या बेतातच अचानक विलायती धुराडे डोके काढते, कारण पौषातल्या रात्री तेथे शेकोटीवाचून निभत नाही. बबर्चीखाना मात्र मुख्य घरापासून अंतरावर. धूर, फोडणीचा वास आणि खानसाम्याचा आवाज तिघेही दूर राहावेत म्हणून. न्हाणीघराला बाहेरून एक स्वतंत्र दार असे. भिस्ती आणि मेहतर त्याच दाराने येत आणि त्याच दाराने जात, बैठकीच्या उंबरठ्याला त्यांचा पाय लागत नसे. घराची समाजरचना समजून घ्यायची असेल तर दर्शनी भागापेक्षा हे मागचे दार अधिक बोलके आहे.

पुढे चर्च आले, छावणी आली, लाटसाहेबांचा प्रासाद आला, आणि उन्हाळा लागला की नागपूरचे सेक्रेटारिएट, दफ्तर आणि पट्टेवाल्यांसकट, डोंगर चढू लागले. ही यातायात मोठी होती : नागपूर-इटारसी लोहमार्ग 1925 च्या सुमारास पुरा होईपर्यंत आगगाडीने जायचे तर भुसावळचा वळसा घेऊन पिपरियाला उतरावे लागे, आणि तेथून घाट.

नागपूरकडच्या रयतेचा मार्ग याहून निराळा. ती जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीला नमन करून महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा, महादेवाचे ठाणे असलेला चौरागड चढे. देवस्थानाचे वंशपरंपरागत भोपे कोरकू जहागीरदारांच्या घराण्यांतले. यात्रेतून पटकी पसरते, या धास्तीने सरकार त्या गर्दीकडे नेहमी वाकड्या नजरेने पाही. आणि धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले. पचमढी, आणि तिच्याबरोबर सौंसर-पांढुर्णा, मध्यप्रदेशातच राहिले. भोपाळच्या सरकारने उन्हाळी मुक्कामाची वहिवाट काही वर्षे चालवली आणि साठीच्या दशकात मोडली. बायसन लॉजमध्ये आता वन्यजीवांचे संग्रहालय आहे. नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला जाणाऱ्यांत आजही विदर्भातील माणसांचाच भरणा असतो. ती वाट व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीतून जात असल्याने वर्षातून सुमारे दहाच दिवस उघडते, आणि ती उघडण्याची मुखत्यारी ज्या खात्याकडे आहे, त्याचेच पहिले बिऱ्हाड 1862 साली या बंगल्यात पडले होते.